शस्त्रक्रियागृहातील परिचारिका

नर्सिंगला जाणाऱ्या मुलींना आपण सारे एकच सांगतो, डॉक्टर म्हणतील ते करावे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली, ती बहुधा परिचारिकाच मोठ्याने वाचते. उत्तरे सर्जन व भूलतज्ज्ञ यांनी द्यायची. रुग्ण तोच ना? जागा तीच ना? शेवटी गॉज, सुया, अवजारे यांची मोजदाद. रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद न करणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटते! दिल्लीसह ८ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मात्र "थांबा" म्हणणाऱ्या परिचारिकेवर कुणी खेकसले, तर पुढच्या वेळी ती गप्प राहते. म्हणूनच छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे असते. त्या निमित्ताने नवशिकी परिचारिकाही सर्जनसमोर एकदा बोललेली असते.