उसाच्या कांडीपासून रक्ताच्या थेंबापर्यंत

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गळीत हंगामाची लगबग सुरू होते. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर या कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेने दिसू लागतात. आपल्या वाचकांपैकी कुणी फडात कोयता चालवतो, कुणी कारखान्यात हंगामी कामगार आहे, तर कुणाच्या घरी दोन म्हशींच्या दुधावर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागतो. या साऱ्या कामांच्या पोटात एक मोठे शास्त्र दडलेले आहे. त्याचे नाव जीवरसायनशास्त्र, म्हणजे सजीवांच्या शरीरातील रसायनांचे शास्त्र.

नाव जड आहे, हे मान्य. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्चाच्या वह्यांशी आमचा संबंध, प्रयोगशाळेशी नाही. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे, कारण आपल्या घरातील भाकरी, लेकी-सुनांच्या अंगातील रक्त आणि मुलांचे शिक्षण या तिन्ही गोष्टींशी त्याचा थेट संबंध आहे.

चार घराणी

माणसाचे शरीर पेशींचे बनलेले आहे. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात. घर विटांचे असते, तसे शरीर पेशींचे. फरक इतकाच की वीट निर्जीव असते, आणि पेशी म्हणजे रात्रंदिवस चालणारा एक चिमुकला कारखाना असतो. तिथे कच्चा माल येतो, पक्का माल बनतो आणि टाकाऊ माल बाहेर जातो.

या कारखान्यात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात मुख्यतः चार घराण्यांचे रेणू असतात: कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि केंद्रकाम्ले. त्यांची मूळद्रव्येही अगदी मोजकी आहेत. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि गंधक एवढ्या सहा मूळद्रव्यांवर बहुतेक सारा पसारा उभा आहे. तीच मूळद्रव्ये उसात आहेत, म्हशीत आहेत आणि आपल्यातही आहेत.

साखर तयार होते कुठे?

साखर कारखान्यात तयार होते, असे आपण म्हणतो. खरे तर कारखाना साखर फक्त वेगळी काढतो. ती तयार होते उसाच्या हिरव्या पानात. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि मुळे पाणी शोषतात. पानातले हरितद्रव्य सूर्याचा प्रकाश पकडते आणि त्या शक्तीवर साखरेचा रेणू जुळवला जातो. या कामात ऊस फार तरबेज आहे. कडक उन्हात तो गहू-भातापेक्षा अधिक कार्यक्षमतेने कार्बन पकडतो. त्याची ही खास पद्धत शास्त्रज्ञांनी १९६५-६६ च्या सुमारास उसावरच काम करून उलगडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले, पुढे १९३० च्या दशकात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला आणि नंतर सहकारी कारखाने निघाले. या साऱ्या उद्योगाचा पाया म्हणजे पानातली ही क्रिया होय.

आपण चहात घालतो ती साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांची जोडी असते. अशी हजारो ग्लुकोज एकापुढे एक जोडली की ज्वारीच्या दाण्यातले पिष्ट होते. तीच ग्लुकोज थोड्या वेगळ्या पद्धतीने जोडली की उसाच्या चिपाडातले सेल्युलोज होते. फरक फक्त सांध्याचा आहे! पण तेवढ्या फरकामुळे भाकरी आपल्याला पचते आणि चिपाड पचत नाही. म्हशीला वाढे पचते, कारण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तो सांधा तोडू शकतात. कारखाना तेच चिपाड बॉयलरमध्ये जाळतो, तेव्हा त्यात साठलेले ऊन उष्णता होऊन बाहेर पडते.

तोडलेला ऊस लवकर का गाळतात?

ऊसतोड करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की तोडलेला ऊस शक्य तो चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. असे का? ऊस तोडला तरी त्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. त्यांच्यात विकर नावाची प्रथिने असतात. विकर म्हणजे पेशीतले कारागीर, इंग्रजीत ज्याला एन्झाइम म्हणतात ते. उसातले इन्व्हर्टेज नावाचे विकर साखरेची जोडी फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे करते. त्यांचे दाणेदार स्फटिक तयार होत नाहीत, म्हणून साखरेचा उतारा घटतो. शिवाय उसातले पाणी उडते आणि वजनही कमी होते.

आता याचा हिशेब कुणाच्या अंगावर येतो ते पाहा. तोडणीची मजुरी टनावर ठरते आणि वजन कारखान्याच्या काट्यावर होते. गाडी रांगेत अडकली, ऊस वाळला, तर पेशीतले पाणी उडते आणि मजुराच्या घामाचेही मोल उडते. पहाटेच्या थंडीत कोयत्याची जोडी फडात उतरते आणि रात्री-अपरात्री मोळ्या भरल्या जातात. त्या घाईच्या मुळाशी, डोळ्यांना न दिसणारा एक रेणू आहे. हे मजुराला कळले तर आपल्या मालाचे वजन वेळेत झाले पाहिजे, ही मागणी तो अधिक ठामपणे करू शकेल.

मळीतून जन्मलेले शास्त्र

साखर काढल्यावर मळी उरते. मळीत यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव सोडले की ते उरलेली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतात. हे काम जिवंत यीस्टमधल्या कुठल्या तरी गूढ प्राणशक्तीनेच होते, असे एकोणिसाव्या शतकात अनेक विद्वान मानत. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून तिचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर रसाला बुडबुडे येऊ लागले. पेशी चिरडलेल्या होत्या, तरी साखरेचे अल्कोहोल होत होते! म्हणजे काम करणारी गूढ शक्ती नव्हती, ते विकर होते. या शोधासाठी बुखनर यांना १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि आधुनिक जीवरसायनशास्त्राचा पाया पक्का झाला. चमत्काराच्या जागी कारण शोधायचे, ही शिकवण आपल्या वाचकांना नवी नाही.

आपल्या पेशीही साखर फोडूनच शक्ती मिळवतात. ती शक्ती एटीपी नावाच्या रेणूत साठवली जाते. आमच्या हिशेबी भाषेत सांगायचे तर तेल-तूप म्हणजे बँकेतली मुदत ठेव, ग्लुकोज म्हणजे पगाराची नोट आणि एटीपी म्हणजे खिशातली सुटी नाणी. पेशीच्या बाजारात फक्त सुटी नाणीच चालतात. स्निग्ध पदार्थांचे आणखी एक काम आहे. प्रत्येक पेशीभोवतीचे पातळ आवरण मुख्यतः त्यांचेच असते. ते नसेल तर पेशी पाण्यात विरघळून जाईल.

भाकरी आणि आमटीची जोडी

प्रथिने ही पेशीतली खरी कष्टकरी मंडळी. स्नायू प्रथिनांचे, केस प्रथिनांचे, विकरेही प्रथिनांचीच. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ओवून ही माळ तयार होते. त्यांतले नऊ मणी आपले शरीर बनवू शकत नाही, ते अन्नातूनच मिळवावे लागतात. ज्वारी-बाजरीत लायसिन नावाचा मणी कमी असतो, आणि डाळीत तो भरपूर असतो. डाळीत जे कमी असते, ते धान्यात मिळते. म्हणून भाकरीबरोबर आमटी, पिठले किंवा उसळ खाल्ली की माळ पूर्ण होते. नुसती भाकरी आणि चटणी यांवर वाढत्या मुलाचे पोट भरते, पण अंग भरत नाही. अंडे, दूध आणि उजनीच्या पाण्यातून भिगवणच्या बाजारात येणारी मासळी यांत सगळे मणी असतात. मांस-मासे खाणाऱ्यांना हिणवण्याची रीत आपण पुष्कळ सोसली आहे, पण पोषणाचे शास्त्र त्या ताटाला कमी लेखत नाही.

दुधाचे विरजण हाही घरातला रोजचा प्रयोग. विरजणातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोज साखरेचे आम्ल करतात. त्या आम्लाने केसिन हे प्रथिन गोठते आणि दही लागते. आपल्या मायबहिणी पिढ्यान्‌पिढ्या हा प्रयोग करीत आल्या आहेत, फक्त त्यांना शास्त्रज्ञ कुणी म्हटले नाही.

दार ठोठावणारी कमला

या शास्त्रात एका मराठी स्त्रीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे लागेल. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या वर्गात मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला! कमलाबाई हटल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे पुढे इतर मुलींनाही उघडली. तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधील प्रथिनांवर काम केले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे शक्तिनिर्मितीस लागणारे प्रथिन असते, असे त्यांनी दाखवले. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशात न राहता त्या मायदेशी आल्या आणि मुंबईत गरिबांच्या अन्नावर संशोधन केले. बारामतीकरांना नीरा म्हटले की नदी आठवते. कमलाबाईंनी ताडा-माडापासून निघणाऱ्या नीरा या पेयाचा अभ्यास केला. कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ते उपयोगी ठरते, असे त्यांच्या कामातून दिसले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. ज्यांना 'हे तुमचे काम नव्हे' असे ऐकावे लागले आहे, त्यांनी ही कहाणी आपल्या लेकींना जरूर सांगावी.

रक्तातला एक मणी

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि तेच फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतात. लोह कमी पडले की दम लागतो, चक्कर येते, हातपाय गळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले जेवणारी बाई त्यांत असणारच. पालेभाजी किंवा उसळीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये, तो लोहाला अडवतो. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या मागून घ्याव्यात.

दुसरा आजार सिकलसेलचा. हिमोग्लोबिनच्या चार माळांत मिळून ५७४ मणी असतात. त्यांतल्या बीटा माळेतला सहावा मणी बदलला की लाल पेशी गोल न राहता विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. हा आजार रेणूतल्या दोषाचा आहे, असे लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. नेमका कोणता मणी बदलतो, ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ पर्यंत शोधून काढले.

हे सांगण्याचे कारण असे की विदर्भात आदिवासी आणि आपला बौद्ध समाज यांत या दोषाचे वाहक बरेच आढळतात. आज नोकरीधंद्यासाठी विदर्भातली कुटुंबे पुणे जिल्ह्यात येतात आणि सोयरिकीही दूरदूर जुळतात. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो. पण आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न ठरवताना दोन्हीकडची रक्ततपासणी करून घ्यावी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. हा आजार शाप नाही, मागील जन्मीच्या कर्माचे फळ नाही आणि सुनेचा दोष तर मुळीच नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हा बदल तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, इतके साधे त्याचे कारण आहे.

चार अक्षरांची पोथी

कोणता मणी कुठे ओवायचा, हे डीएनए या केंद्रकाम्लात लिहिलेले असते. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची दुहेरी गोफासारखी रचना मांडली. त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन या स्त्रीने काढलेल्या क्ष-किरण चित्रांचा मोठा आधार होता. कोणत्याही दोन माणसांची ही पोथी समोरासमोर ठेवली, तर हजारातली सुमारे ९९९ अक्षरे सारखी निघतात. त्यात जात कुठे लिहिलेली नाही. ज्यांनी रक्ताच्या शुद्धतेच्या गोष्टी सांगून माणसाला पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांना रेणूंनीच उत्तर दिले आहे.

पालकहो, दहावी झालेल्या मुलामुलीला 'विज्ञान आपल्याला झेपायचे नाही' असे म्हणू नका. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे. माळेगाव खुर्दला २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळात आणि क्षारपड जमिनीत पीक कसे तग धरते, याचा अभ्यास तिथे चालतो. कारखान्यांच्या प्रयोगशाळांत आणि दूध संघांत रसायने जाणणारी माणसे लागतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ज्या फडात आई-बापांनी मोळ्या बांधल्या, त्याच फडातल्या उसाचा रेणू आपली मुले उद्या सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर तपासतील. त्यासाठी यंदा फक्त अकरावीच्या अर्जावर 'विज्ञान' एवढा शब्द लिहायचा आहे.