लोखंड खाली ठेवण्याची वेळ

भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, मिरज, कुठेही जा. इशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील जिम भरलेली दिसते. तिथल्या पोरांना काय खावे, किती सेट मारावेत हे सांगणारे शेकडो आहेत. परंतु याच जिममध्ये वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घाम गाळायला सुरुवात केलेली एक पिढी आता चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे निघाली आहे. त्यांच्यापैकी कोणाला खांदा रात्री झोपू देत नाही, कोणाच्या कमरेत चमक भरून ती पायापर्यंत उतरते, कोणाला जिना उतरताना कठड्याचा आधार लागतो. तरीही रोज तेवढेच वजन उचलण्याचा हट्ट सुटत नाही. वजन वाढवायचे कसे हे त्यांना उस्तादाने शिकवले होते. कमी कधी आणि कसे करायचे हे कोणी शिकवले नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

जगज्जेत्यांनाही थांबावे लागले

मिस्टर ऑलिम्पिया ही व्यावसायिक शरीरसौष्ठवातील सर्वांत मोठी स्पर्धा. तिच्या तीन विजेत्यांची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

अमेरिकेचा ली हेनी १९८४ ते १९९१ अशी सलग आठ वर्षे ही स्पर्धा जिंकला आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी, शरीर धडधाकट असतानाच, स्पर्धेतून बाजूला झाला. स्नायूला चेतवावे, त्याचा चुराडा करू नये, हा त्याचा सल्ला आजही जिममध्ये सांगितला जातो.

त्याच्यानंतर इंग्लंडचा डोरियन येट्स १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा जिंकला. कमी सेट, पण प्रत्येक सेट शेवटच्या दमापर्यंत, ही त्याची पद्धत. १९९४ मध्ये त्याच्या दंडाचा बायसेप्स फाटला. १९९७ मध्ये स्पर्धेच्या तोंडावर ट्रायसेप्स फाटला. त्याही अवस्थेत तो मंचावर उभा राहिला, जिंकला आणि मग पस्तिशीत निवृत्त झाला. पुढे त्याने योगासने आणि हलका व्यायाम जवळ केला.

तिसरा रॉनी कोलमन. टेक्सासमधील हा पोलीस अधिकारी १९९८ ते २००५ सलग आठ वेळा विजेता ठरला. खांद्यावर ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६३ किलो घेऊन बैठका मारणारा हा माणूस आज कुबड्या किंवा व्हीलचेअरशिवाय फारसा चालू शकत नाही. त्याच्या पाठीच्या कण्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही खुबे बदलावे लागले. एवढे होऊनही आपल्याला पश्चात्ताप नाही असे तो सांगतो, आणि तो आजही जिममध्ये जातो. मात्र हलकी वजने घेऊन. ज्याला जगाने आठ वेळा मुकुट घातला, तो या सौद्याला राजी असेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना ना मुकुट मिळतो, ना बक्षिसाची रक्कम. मणक्याचा खर्च मात्र तेवढाच येतो.

आपल्या देशातले एक उदाहरण वेगळे आहे. बंगालचे मनोहर आइच, उंची अवघी ४ फूट ११ इंच. १९५२ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी मिस्टर युनिव्हर्स किताब जिंकला. १९१२ मध्ये जन्मलेले आइच २०१६ मध्ये वारले, म्हणजे १०४ वर्षे जगले. नव्वदी गाठेपर्यंत ते व्यायाम करत होते आणि त्यानंतरही तरुणांना शिकवत होते. सगळ्यांनाच एवढे आयुष्य लाभेल असे नाही. पण व्यायाम आणि म्हातारपण यांचे वैर नाही, एवढे त्यांच्याकडे पाहून नक्की कळते.

शरीरात काय बदलते?

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. नियमित व्यायाम करणाऱ्यामध्ये ती बरीच कमी असते. म्हणूनच पंचेचाळीस वर्षांच्या जुन्या कसरतपटूचे दंड आणि मांड्या अजून वजन पेलतात आणि त्याची फसगत होते. कारण स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, ज्याला टेंडन म्हणतात, तो तितका तरुण राहिलेला नसतो. टेंडनला रक्तपुरवठा मुळातच कमी. वयानुसार त्याची लवचीकता घटते आणि इजा झाली तर भरून यायला महिने लागतात. मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून ठेवेनाशा होतात, चपट्या होतात. गुडघ्यातील कूर्चा एकदा झिजली की पूर्ववत होत नाही. थोडक्यात, इंजिन अजून जोरात आहे, पण गाडीचे सांधे जुने झाले आहेत.

खांद्याचे दुखणे या मंडळींत फार. खांद्याच्या सांध्याभोवती चार लहान स्नायूंचे आवरण असते. वर्षानुवर्षे जड बेंच प्रेस आणि मानेमागून बार खाली घेण्याचे प्रकार केल्याने त्याचे टेंडन घासले जातात. सुरुवातीला हात वर नेताना कळ येते, मग त्या कुशीवर झोपता येत नाही, आणि एक दिवस फळीवरचा डबा काढताना हात वर जात नाही.

कोणते दुखणे थांबा म्हणते?

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे नेहमीचेच. सांध्यात एकाच जागी होणारे, आठवडे उलटले तरी न जाणारे, रात्री झोपमोड करणारे दुखणे मात्र दुखापतीचे असते. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा बेंचवर झोपणे म्हणजे धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिला कापड गुंडाळणे. या गोळ्या रोज घेतल्यास पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो.

काही लक्षणांत एक दिवसही थांबू नये. वजन उचलताना 'टक्' असा आवाज होऊन दंड काळानिळा पडला किंवा बायसेप्सचा गोळा एका बाजूला सरकला, तर तो फाटलेला असू शकतो. शस्त्रक्रिया लागलीच तर ती पहिल्या काही आठवड्यांत चांगली होते, म्हणून घरी तेल चोळत बसू नये. कमरेच्या दुखण्याबरोबर पाय लुळा पडणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, असे झाल्यास लगेच इस्पितळ गाठावे. वजन उचलताना छातीत दाब, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती थकव्याची खूण समजू नये.

इंजेक्शनांचा हिशेब

या विषयावर घरात बोलले जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहायला हवे. स्पर्धेत उतरलेल्या अनेकांनी, आणि न उतरलेल्याही काहींनी, कधी ना कधी स्टेरॉईड घेतलेले असते. त्याने स्नायू झपाट्याने वाढतात, पण टेंडन त्या वेगाने मजबूत होत नाहीत, आणि फाटण्याच्या दुखापतींचे हे एक कारण ठरते. हृदयाचा स्नायू जाड होतो, चांगले कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढतो.

बाहेरून हार्मोन मिळत राहिले की शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते. त्यामुळे एकाएकी बंद केल्यास अंगात त्राण उरत नाही, मन खचते, चिडचिड वाढते, वैवाहिक जीवनावर परिणाम होतो, मूल होण्यात अडचण येऊ शकते. पुष्कळजण याला भिऊन पुन्हा इंजेक्शनाकडे वळतात. यातून बाहेर पडायचे तर हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरला सगळे खरे सांगावे आणि त्याच्या देखरेखीखाली सोडावे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, यकृत, मूत्रपिंड आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरपासून लपवण्यात कसलीच इज्जत नाही.

"क्या भाई, बॉडी उतर गई?"

गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा हा प्रश्न अधिक बोचतो. वीस वर्षे माणसाची ओळखच त्याच्या बांध्याने झालेली असते. लग्नाच्या वऱ्हाडात लोक त्याच्याकडे बोट दाखवतात, पोरे दंड चाचपून पाहतात. शर्ट ढिला झाला की त्याला वाटते आपण कोणीच उरलो नाही. ज्याची रोजीच ट्रेनर म्हणून चालते त्याला तर गिऱ्हाईक जाण्याची भीती असते. ही भीती खोटी नाही आणि तिची टिंगल करू नये.

पण थोडे तपासून पाहावे. त्या वीस वर्षांत कमावलेले सगळेच काही दंडात नव्हते. पहाटे उठण्याची सवय, खाण्यावरचा ताबा, न चुकता एकच काम वर्षानुवर्षे करण्याची चिकाटी, हे वय घेऊन जात नाही. ट्रेनरच्या बाबतीत तर दुखापतीतून सावरलेला माणूस नवशिक्याला जे सांगू शकतो, ते पंचविशीतला पैलवान सांगू शकत नाही. चाळिशी-पन्नाशीतली, मधुमेह-रक्तदाबाची गिऱ्हाइके अशाच माणसाच्या शोधात असतात.

आपल्याकडे शरीराला अमानत म्हटले आहे. माणसावर त्याच्या शरीराचाही हक्क आहे, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. अमानत सजवून दाखवण्यापुरती नसते, ती शेवटपर्यंत सांभाळायची असते. खुर्चीवर बसून नमाज अदा करण्याची सवलत आजाऱ्याला आहेच, त्यात कमीपणा नाही. परंतु गुडघे वाचवणे हातात असताना ते जड बारखाली झिजवावेत आणि मग सजद्यासाठी तरसावे, याला काय म्हणावे?

कमी करायचे म्हणजे काय?

व्यायाम सोडून देणे हे याचे उत्तर नाही. जड वजनावरून थेट सोफ्यावर आलेल्यांचे पोट वर्षभरात सुटते आणि साखर वाढते. १९९० मध्ये अमेरिकेत बोस्टन येथील वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला गेला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होते, तर पन्नाशीत मैदान सोडण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि १५० मिनिटे भरभर चालण्यासारखी हालचाल करायला सांगते.

बदल असे करता येतील. आठवड्यात सहा दिवसांऐवजी तीन दिवस. एका दमात जास्तीत जास्त किती उचलतो हे आजमावणे कायमचे बंद. ज्या वजनाने दहा ते पंधरा वेळा नीट करता येते तेवढेच घ्यावे आणि अजून दोन-तीन वेळा होईल असे वाटत असतानाच सेट संपवावा. मानेमागचा प्रेस सोडावा. बार घेऊन बेंच करण्याऐवजी डंबेल किंवा साधे जोर. पाठीवर बार ठेवून बैठका मारण्याऐवजी छातीशी डंबेल धरून किंवा मागे स्टूल ठेवून त्यावर टेकेपर्यंत बैठका. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करावे. दुखापत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्यावेत.

यात स्नायू जातील ही धास्ती बाळगू नये. कमावलेली ताकद टिकवायला, ती कमावताना लागली तेवढी मेहनत लागत नाही. रमजान आठवून पाहा. महिनाभर वजने हलकी होतात, जिमचे दिवस घटतात, आणि ईदनंतर थोड्याच दिवसांत अंग पूर्ववत होते. वर खांद्याचे दुखणेही त्या महिन्यात कमी झालेले असते.

खाणे मात्र बदलावेच लागते. व्यायाम निम्मा आणि ताट पहिल्याइतकेच, असे झाले की चरबी चढणारच. अंडी, मासे, चिकन, डाळी यांत कपात करू नये, कारण वय वाढते तसे प्रथिनांचे महत्त्वही वाढते. कपात करायची ती भाताच्या दुसऱ्या वाढपात, तळलेल्यात, मिठाईत आणि जुन्या सवयीने येणाऱ्या सप्लिमेंटच्या डब्यांत. ते पैसे रक्ततपासणीला पुरतात.

घरच्यांचे काम

अशा माणसाला "झाले ते पुरे, आता वय झाले" असे ऐकवले की तो हट्टाने दहा किलो जास्त लावतो. पत्नीने विचारायचेच असेल तर विचारावे की रात्री झोप लागली का, गोळी कितवी चालू आहे. तपासणीला सोबत जावे. मुलगा नुकता जिमला जाऊ लागला असेल तर त्याने अब्बांना सोबत न्यावे आणि पवित्रा बघून घ्यायला सांगावे. पोराच्या हातून चुकीचा झटका बसू न देणे, हे १०० किलोच्या बेंचपेक्षा मोठे काम आहे आणि ते त्यांच्याइतके कोणाला जमणार नाही.

आणि तुम्ही, ज्यांचा खांदा हे वाचतानाही ठणकत असेल, एवढे करा. येत्या सोमवारी बारवरची एक-एक प्लेट काढून बाजूला ठेवा. कोणी पाहिले तर पाहू द्या. नातवाला खांद्यावर बसवून ईदगाहला न्यायचे असेल, तर तो खांदा आतापासून राखून ठेवायला हवा.