वाट सगळ्यांची (भाग ७) : गाडी फाट्यापर्यंतच

गेल्या भागात आपण अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीचा बस-बहिष्कार पाहिला. १९५५ साली तिथल्या कृष्णवर्णीयांचं भांडण बसमध्ये कुणी कुठं बसायचं यावरून पेटलं. आपल्याकडे हा भेद जातीनं केला. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली लहानगी आंबेडकर भावंडं मसूर स्टेशनावर उतरली, तेव्हा जात कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घ्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, असं ठरलं. १९४८ पासून धावू लागलेल्या एसटीत मात्र तिकीट फाडलं की कुणाच्याही शेजारी बसता येतं. हे काम लहान नव्हे.

गगनबावड्यात अडचण एसटीत बसण्याच्याही अलीकडे आहे. लोकसंख्येनं कोल्हापूर जिल्ह्यातला हा सर्वांत लहान तालुका. एसटीचं आगार आहे, करूळ आणि भुईबावडा या घाटांनी कोकणात उतरता येतं. पावसाळ्यात कुंभी नदीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं की कोल्हापूरची वाट बंद. तेव्हा सगळा तालुका अडकतो आणि बातमी होते. डोंगरातले धनगरवाडे मात्र बारमाही अडकलेले, त्याची बातमी होत नाही.

धनगरवाडा म्हणजे जंगलाच्या कडेला दहा-वीस घरं, गोठे, म्हशी. दूध डोक्यावरून खाली डेअरीपर्यंत न्यायचं. बाई अडली की घोंगड्याची डोली बांधायची, बांबू चौघांनी खांद्यावर घ्यायचा, निसरड्या पायवाटेनं फाटा गाठायचा. आळीपाळीनं खांदा द्यायला आणखी चार माणसं लागतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलती चांगल्याच आहेत, पण त्या फाट्यावर सुरू होतात.

रस्ता का होत नाही? २००० साली आलेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनं वस्तीची किमान लोकसंख्या ठरवली : सर्वसाधारण भागात ५००, डोंगरी राज्यांत, वाळवंटात आणि आदिवासी क्षेत्रांत २५०. सह्याद्री कितीही उभा असला तरी महाराष्ट्र काही डोंगरी राज्य नव्हे. धनगर समाजही इथं भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. म्हणजे डोंगर असून डोंगराची सूट नाही, आणि पाचशे डोकी आणायची कुठून? कुणी मुद्दाम डावललं असं नाही; मोजमापच असं की हीच माणसं गळतात. मला हा अन्यायच वाटतो, आणि हेतू नव्हता म्हणून तो कमी होत नाही.

दुसरी आडकाठी वनखात्याच्या जमिनीची सांगितली जाते. तिच्यावर उतारा कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) रस्ता, शाळा, अंगणवाडी अशा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देऊ करतं. झाडं हेक्टरी ७५ च्या वर तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. त्या शिफारशीचा ठराव कसा मांडायचा, सोबत काय जोडायचं, हे पुढच्या भागात.