कोल्हा, बटाटा आणि शिंपला: एका बेटाने शिकवलेला धंद्याचा धडा



"सर, सध्या कोणता धंदा जोरात आहे?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. खरं सांगू? हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते समजून घ्यायला आज मी तुम्हाला थेट कॅनडात नेणार आहे. तिथे प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचा एक प्रांत आहे. अख्खा प्रांत म्हणजे एक बेट. आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा, माती कोकणासारखीच लाल, आणि लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत फक्त दीड लाखाच्या आसपास.

आता विचार करा. दीड लाख लोकांना तुम्ही किती माल विकणार? घरचं गिऱ्हाईक पुरतच नाही, म्हणजे माल समुद्रापलीकडे न्यावाच लागतो. १९९७ मध्ये जवळजवळ १३ किलोमीटर लांबीचा पूल झाला. त्याआधी सगळी भिस्त बोटींवर, आणि हिवाळ्यात समुद्रावर बर्फ. अशा ठिकाणी धंद्यातली चूक लवकर उघडी पडते. म्हणूनच हे बेट म्हणजे आपल्यासारख्यांसाठी शाळा आहे. या शाळेतले तीन धडे बघूया.

धडा पहिला: कोल्हा

दचकू नका, खरंच कोल्हा! तिथे एक काळा, चंदेरी झाक असलेला कोल्हा असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्या कातड्याला युरोपातल्या श्रीमंत बायकांमध्ये प्रचंड मागणी होती. पण रानात असा कोल्हा क्वचितच सापडायचा. चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट औल्टन या दोघांनी तारेच्या कुंपणात हा कोल्हा पाळायचं आणि वाढवायचं तंत्र जमवलं. त्यांच्यासोबत मोजकेच भागीदार होते आणि सगळ्यांचं ठरलेलं होतं: फक्त कातडं विकायचं, जिवंत कोल्हा बाहेर द्यायचा नाही.

१९१० मध्ये लंडनच्या लिलावात डाल्टन यांच्या कातड्यांना सरासरी १,३०० डॉलरच्या वर भाव मिळाला. त्या काळी तिथल्या शेतमजुराला दिवसाला जेमतेम एक डॉलर मिळायचा! ही बातमी बेटावर पोचली, एकी फुटली आणि जिवंत जोड्या विकल्या जाऊ लागल्या.

आता नीट लक्ष द्या, खरा खेळ इथेच आहे. कोल्ह्याची जोडी कोण घेत होतं? ज्याला स्वतः कोल्हे पाळून पुढे जोड्याच विकायच्या होत्या तो. त्याच्याकडून कोण घेणार? आणखी एक पाळणारा. एका जोडीचा भाव दहा हजार डॉलरच्या वर गेला. लोकांनी शेतं गहाण टाकली, भराभर कंपन्या निघाल्या, शेअर विकले गेले. अजून जन्मही न झालेल्या पिल्लांचं बुकिंग आगाऊ पैसे देऊन होऊ लागलं. या सगळ्या गडबडीत कोट घालणारी ती लंडन-पॅरिसची बाई कुणाच्या लक्षातच राहिली नाही. ती एवढी कातडी एवढ्या भावाने घेणार आहे का, हे कुणी विचारलंच नाही.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, युरोपचा बाजार बंद पडला आणि जोड्यांचे भाव कोसळले. पुढे धंदा पुन्हा उभा राहिला, पण तो कातड्याच्या भावावर. नंतर १९४० च्या दशकात लांब केसांच्या कातड्याची फॅशन गेली आणि तोही संपत गेला. डाल्टन यांनी मात्र तेजी असतानाच आपलं फार्म विकून टाकलं होतं. पुढे ते प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नरही झाले.

हे ऐकून काही आठवलं का? इमू! आणि २०१९ मध्ये आपल्या सांगली-कोल्हापूरकडे गाजलेलं कडकनाथ! "पिल्लं आमच्याकडून घ्या, वाढवा, माल आम्हीच परत घेऊ." इमूचं मांस खाणारी किती घरं तुमच्या ओळखीत होती? एकही नाही ना? मग तो धंदा कुणाच्या पैशावर चालला होता? तुमच्यानंतर येणाऱ्याच्या पैशावर.

पक्षी वाईट नव्हता, कोल्हाही वाईट नव्हता. शेवटचं गिऱ्हाईकच जागेवर नव्हतं.

धडा दुसरा: बटाटा

हे बेट कॅनडातला सगळ्यात लहान प्रांत, पण बटाट्याच्या बाबतीत दादा. इथे शेवटचं गिऱ्हाईक अगदी पक्कं आहे, कारण बटाटा रोज खाल्ला जातो. मग अडचण काय?

अडचण दाराची. ताज्या बटाट्याचा मोठा ग्राहक म्हणजे शेजारची अमेरिका. २०२१ मध्ये बेटावरच्या दोन शेतांत बटाट्यावर एक बुरशीजन्य रोग सापडला. माणसाला त्याचा काहीही त्रास नाही, पण तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि पीक खराब करतो. अमेरिका बंदी घालणार हे दिसताच नोव्हेंबरमध्ये कॅनडा सरकारनेच अमेरिकेकडे जाणारा ताजा बटाटा थांबवला. नुकतीच काढणी झालेली, गोदामं भरलेली, आणि दार बंद! रोग दोन शेतांत होता, फटका मात्र ज्यांच्या शेतात काहीच नव्हतं त्यांनाही बसला. त्या हिवाळ्यात बर्फ उडवायच्या यंत्रांनी चांगल्या बटाट्याचा चुरा करून तो शेतांत पसरावा लागला. असा कोट्यवधी किलो माल गेला. एप्रिल २०२२ मध्ये खाण्याच्या बटाट्यासाठी दार पुन्हा उघडलं, पण तोपर्यंत तो माल मातीत गेलेला होता.

आता यातली गंमत बघा. बंदी ताज्या बटाट्यावर होती. त्याच बेटावरच्या कारखान्यात कापून, तळून, गोठवलेल्या फ्राइज अमेरिकेत जातच होत्या! माती तीच, शेतकरी तोच, बटाटाही तोच. पण एका रूपात तो अडकला, दुसऱ्या रूपात तो गेला.

आपण प्रक्रिया उद्योगाकडे 'जास्त मार्जिन' म्हणून बघतो. ते आहेच. पण प्रक्रिया म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत जायचं दुसरं दारही असतं, हे लक्षात ठेवा. तुमचा नव्वद टक्के माल एकच व्यापारी, एकच ॲप किंवा एकच कंपनी घेत असेल, तर तुम्ही धंदा करता की नोकरी, हा प्रश्न स्वतःला विचारा.

धडा तिसरा: शिंपला

मालवणकडे ज्याला शिणाणे म्हणतात, त्याच्याच जातकुळीतला निळा शिंपला या बेटाच्या खाड्यांमध्ये दोरांवर वाढवतात. बारीक पिल्लं दोरावर बसवून घ्यायची, ती जाळीच्या लांब मोज्यात भरायची, पाण्यात टांगायची आणि दीड-दोन वर्षांनी काढायची. खाद्याचा खर्च नाही, पाण्यातलंच खाऊन तो वाढतो. हिवाळ्यात खाडी गोठली की बर्फाला भोक पाडून माल बाहेर काढतात, म्हणजे पुरवठा बारा महिने. सत्तरच्या दशकात मूळ धरलेला हा धंदा. आज कॅनडात पाळलेल्या शिंपल्यांपैकी बहुतेक याच बेटाचे असतात.

पण १९८७ च्या शेवटी मोठं संकट आलं. इथले शिंपले खाऊन शंभरहून जास्त लोक आजारी पडले, काही दगावले, काहींची स्मरणशक्ती गेली. खाडीतल्या एका सूक्ष्म शेवाळातलं विष शिंपल्यात उतरलं होतं. चव तशीच, वासही तसाच, खाणाऱ्याला काही कळायला मार्गच नाही. विक्री थांबली. धंदा संपलाच, असं कुणालाही वाटलं असतं.

तो संपला नाही. शास्त्रज्ञांनी थोड्याच दिवसांत ते विष शोधून काढलं. त्यानंतर नियमित तपासणीची पद्धत बसली: विषाचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की त्या खाडीतला माल काढायचाच नाही, मग नुकसान झालं तरी चालेल. गेलेलं गिऱ्हाईक सवलतीने परत आलं नाही, भरवशाने आलं.

मसाले, लोणची, पापड, सुकी मासळी करणाऱ्या ताईंनो आणि दादांनो, 'लॅब टेस्टिंगचा फुकटचा खर्च' असं म्हणण्याआधी हे आठवा. चूक शेजारच्या ब्रँडची असली तरी ग्राहक संपूर्ण गावाचा माल टाळतो.

आता वही काढा

सध्याचा किंवा मनातला धंदा डोळ्यासमोर आणा आणि तीन उत्तरं लिहा.

१. माझी वस्तू शेवटी वापरणारा, खाणारा, घालणारा माणूस कोण? अशा पाच जणांची नावं लिहा. 'पुढे विकणारा' चालणार नाही.

२. त्याच्यापर्यंत जायची माझी दारं किती? एक उद्या बंद झालं, तर तीन महिने मी कसा तगेन?

३. त्याने माझ्यावर भरवसा का ठेवावा? 'आमची क्वालिटी चांगली आहे' हे उत्तर नाही. दाखवता येईल असं काय आहे?

पहिल्याच प्रश्नाला पेन थांबलं, तर पैसेही तिथेच थांबवा. कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी थांबलात, तर काहीच गेलं नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी "कोणता धंदा जोरात आहे?" असं विचारलं, तर त्याला या बेटावरच्या कोल्ह्याची गोष्ट सांगा. १९१२ मध्ये तिथे सगळ्यात जोरात तोच धंदा होता!