सहा ते नऊ, एकाच वर्गात

माँटेसरी पद्धतीच्या प्राथमिक शाळेत सहा ते नऊ वर्षांची मुले एका वर्गात असतात, म्हणजे आपल्या हिशेबाने पहिली, दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत. सकाळचे सुमारे तीन तास घंटा होत नाही. कोणी हजार मण्यांची साखळी जमिनीवर पसरून मोजत असते, कोणी दोघी मिळून नद्यांचा नकाशा काढतात, एखादा कोपऱ्यात वाचत बसतो. बाई तीन-चार मुलांना बोलावून एक पाठ देतात आणि बाजूला होतात. पुढचे काम कोणाबरोबर करायचे आणि किती वेळ, हे मुले ठरवतात. माँटेसरी म्हटले की आपल्याला बालवाडीच आठवते. पण प्राथमिक वयाच्या या शिक्षणाला बराचसा आकार भारतातच मिळाला. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळे इथेच राहिल्या आणि कोडाईकनालच्या मुक्कामात मुलगा मारिओ याच्यासह त्यांनी सहा ते बारा वयाच्या मुलांसाठीचे काम विकसित केले.

अशा वर्गातल्या मैत्रीचे कौतुक होते, पण ती चांगल्या संस्कारांची किंवा प्रेमळ बाईंची देणगी आहे असे समजले जाते. मला ती वर्गाच्या रचनेतून येते असे वाटते. एकाच वयाच्या चाळीस मुलांना एकाच दिवशी एकच धडा दिला, की त्यांच्यात दिसण्यासारखा एकच फरक उरतो: कोण पुढे आणि कोण मागे. मिश्र वयाच्या वर्गात हा फरक गृहीतच धरलेला असतो. सहा वर्षांच्या मुलीला भागाकार येत नाही यात कमीपणा नाही, आणि आठ वर्षांच्या मुलाला येतो यात मिरवण्यासारखे काही नाही. वर्गात प्रत्येक साहित्याचा सहसा एकच संच ठेवतात. त्यामुळे मागणे, थांबणे, वाटाघाट करणे हे रोजचेच होते. सहा वर्षांनंतर मूल सवंगड्यांचा गट शोधू लागते आणि न्याय-अन्यायाचे प्रश्न विचारू लागते, असे माँटेसरींचे निरीक्षण होते. ‘हे बरोबर नाही’ ही तक्रार या वयात सतत ऐकू येते, आणि घाई नसलेल्या वर्गात ती मुलांनीच सोडवायला वेळ असतो. शिवाय मूल तीन वर्षे त्याच वर्गात राहते. पहिल्या वर्षी सर्वांत लहान असलेले तिसऱ्या वर्षी मोठे होते. वाचनात अडखळणारा नऊ वर्षांचा मुलगाही सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवू शकतो. एकाच वयाच्या वर्गात त्याला ही संधी जवळजवळ कधीच मिळत नाही.

पुरावा काय? अमेरिकेतील मिलवॉकी शहरातल्या एका सरकारी माँटेसरी शाळेत प्रवेश सोडतीने होत असे. अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांनी सोडतीत नाव लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करून २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. पालकांची आवड दोन्ही बाजूंना सारखीच असल्याने ही तुलना मोलाची आहे. बारा वर्षांच्या मुलांमध्ये वाचन-गणितात ठळक फरक नव्हता. मात्र माँटेसरीतली मुले सामाजिक पेचांवर अधिक समंजस उत्तरे निवडत होती आणि शाळेविषयी त्यांना अधिक आपलेपणा वाटत होता. अभ्यास लहान होता आणि त्यात संपूर्ण पद्धत तपासली होती, एकटे वयाचे मिश्रण नव्हे. तरी फरक नेमका कुठे दिसला, हे महत्त्वाचे आहे.

मोठ्या मुलांचे नुकसान होते, ही पालकांची नेहमीची शंका. दुसऱ्याला समजावताना आपले ज्ञान नव्याने मांडावे लागते, त्यामुळे तो वेळ वाया जात नाही. पण हुशार मुलाला सतत मदतनीस म्हणून वापरले, तर मात्र नुकसान खरेच होते, कारण त्याला स्वतःच्या अवघड कामाची भूक असते आणि ती भागवणे शिक्षकांचे काम आहे. दांडगाईची भीतीही खोटी नाही. मिश्र वय दादागिरी आपोआप थांबवत नाही. तिथे लक्ष ठेवणारे मोठे माणूस हवेच. मुलांनी काम निवडायचे म्हणजे शिक्षकांनी बघत बसायचे, असा अर्थ मुळीच नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप आपल्या मातीतला आहे: आमच्या द्विशिक्षकी शाळांत वर्ग एकत्रच असतात, मग तिथे असे का घडत नाही? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुले असतील तर दोनच शिक्षक मिळतात. पण तिथे खोली एक असली तरी पुस्तके, परीक्षा आणि वेळापत्रक इयत्तेनुसारच असते. गुरुजी तिसरीला शिकवतात तेव्हा दुसरी नुसती थांबून राहते. सायमन फेनमन यांनी १९९५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा बहुवर्ग शाळांत ना फायदा दिसला ना तोटा. नुसते एकत्र बसवून काही होत नाही, हाच त्याचा अर्थ मी घेतो. कर्नाटकात मात्र १९९५ मध्येच म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, युनिसेफच्या मदतीने, सरकारी शाळांत ‘नली-कली’ सुरू झाले. लहान इयत्तांची मुले एकत्र बसू लागली आणि प्रत्येक मूल कार्डांच्या शिडीवरून आपल्या गतीने पुढे जाऊ लागले. साधी सरकारी शाळा हे करू शकते. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत मिश्र वर्ग आधीच आहेत. त्यांना कमतरता मानणे सोडून, तिथल्या शिक्षकांना असे साहित्य आणि प्रशिक्षण शासनाने आता द्यावे.