गड्याची हजेरी मांडता, मग तुमची स्वतःची?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवी वही पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचे, पहिल्या पानावर 'श्री' काढायचा आणि वही फडताळात ठेवून द्यायची. पुढल्या दिवाळीला उघडावी तर 'श्री'खाली एक ओळ नाही! किराणा दुकानदाराचे असे होत नाही, त्याची उधारीच त्याला लिहायला लावते. होते ते आपल्यासारख्यांचे. दोन एकरांवर भागत नाही म्हणून तालुक्याच्या गावी बंगल्यांच्या बागा सांभाळणारे, घराशेजारी शेडनेट टाकून रोपे विकणारे कितीतरी जण आता गावोगाव आहेत. हाताला गुण असतो, कलम हमखास जगते. पण महिन्याला सुटते काय असे विचारा, की उत्तर येते, "चाललंय की बरं."

बरं म्हणजे किती? आपण मांडूनच बघू.

समजा, तुमच्याकडे १४ बंगले आहेत आणि प्रत्येकाचे महिना १,२०० रुपये. झाले १६,८००. आता खर्च धरा. मोटारसायकलचे पेट्रोल रोज ८० प्रमाणे २६ दिवसांचे २,०८०. गवत कापायला आठ दिवस गडी घेतला, ५०० रुपये हजेरीने ४,०००. तेल, पाती, कात्रीला धार यांचे ४२०. बंगलेवाल्याचे झाड मेले म्हणून पदरची रोपे लावून दिली, ती ६०० ची. आणि गवत कापायचे यंत्र? ३० हजारांना घेतले आणि पाच वर्षे चालणार, म्हणजे महिन्याला ५०० रुपयांनी ते झिजते. हा खर्च कुणी लिहीत नाही, कारण तो त्या महिन्यात खिशातून जात नाही. मग पाच वर्षांनी यंत्र बंद पडले की सोसायटीच्या दारात उभे राहावे लागते.

बेरीज ७,६००. हातात राहिले ९,२००. त्याला २६ ने भागा, साडेतीनशेच्या आसपास येतात. म्हणजे तुमच्याच पैशावर कामाला आलेला गडी दिवसाला ५०० घेऊन गेला आणि मालक म्हणवणारे तुम्ही साडेतीनशेवर राबलात! गड्याइतकी तरी हजेरी स्वतःला पडायची तर बंगल्यामागे साधारण १,४७० रुपये दर हवा. हा आकडा वहीत असेल तर दर वाढवायला तोंड उघडते. नाहीतर "ताई, महागाई वाढलीय हो," एवढेच म्हणता येते, आणि ताईंनाही ते ठाऊकच असते.

वहीला फार शिक्षण लागत नाही. रोजमेळ ठेवा. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. संध्याकाळी हातपाय धुतले की जेवणाआधी लिहायचे, उद्यावर टाकले की पेट्रोलचे ८० विसरलेच. फोनवर आलेले पैसे वेगळ्या रकान्यात घ्या. घरखर्चाला काढलेली रक्कमही लिहा, मग ती पोरांच्या फीसाठी असो की लग्नाच्या आहेरासाठी. धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा एकाच खिशात राहिला की मोठ्या उलाढालीचा धंदाही बसतो.

रोपवाटिकावाल्यांची चूक वेगळी. हजार पिशव्या भरल्या. माती, शेणखत, पिशवी, बी, पाणी, मजुरी मिळून पिशवीमागे १२ रुपये पडले. विकले १५ ला, तीन रुपये सुटले असे वाटते. पण अडीचशे रोपे मेली किंवा पडून राहिली, तर १२ हजारांचा खर्च साडेसातशे रोपांवर बसतो. रोप पडले १६ रुपयांना! म्हणून मर झालेल्या रोपांचा आकडा दर आठवड्याला लिहा. लाज वाटायचे कारण नाही, मर सगळ्यांकडेच होते.

वहीत मिळकतीचे तीन भाग मात्र अवश्य पाडा. स्वतःच्या रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न आयकरासाठी शेतीचेच धरले जाते, तशी स्पष्ट तरतूद २००८ साली झाली. उरुळी कांचन, सोरतापवाडीकडून गाडी भरून आणली आणि तशीच विकली, तर तो व्यापार. दुसऱ्याची बाग राखण्याचे पैसे हाही धंदाच. उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर ठोक पद्धतीने विवरणपत्र भरता येते. त्यात रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के नफा धरतात. तिन्हींची जमा एकत्र कालवली तर शेतीचे किती आणि धंद्याचे किती, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता दोन शब्द ग्रामपंचायतीसाठी. पावसाळ्यात वृक्षलागवडीची रोपे गावातल्याच माळ्याकडून घेता, चांगले आहे. पण ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) रोपे उतरवून घेताना मोजून, जात लिहून, तारखेसह सही द्यावी. माळ्यानेही क्रमांक घातलेले बिल त्याच दिवशी द्यावे. नंतर रोपे पाचशे की साडेचारशे यावरून चावडीवर वाद होतो, आणि तोवर निम्मी शेळ्यांनी खाल्लेली असतात.

उधारीला वहीच्या शेवटी निराळे पान ठेवा. नाव, रक्कम, दिल्याची तारीख, मागितल्याची तारीख. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे पान घेऊन निघायचे. पाहुण्याकडे मागायचा संकोच वाटत असेल तर वही त्याच्यापुढे उघडी धरा आणि पाणी मागा.