आधी नळी, मग पाणी

६ नोव्हेंबर २०२१. भाऊबिजेचा दिवस. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागात सकाळी आग लागली. आत १७ रुग्ण होते. त्यांतील ११ जण त्या दिवशी दगावले. कोपरगावहून नगर सुमारे शंभर किलोमीटरवर. इथला रुग्ण गंभीर झाला की 'नगरला हलवा' किंवा 'नाशिकला न्या' हे शब्द घरोघरी ऐकलेले. त्यामुळे ही बातमी कोपरगावला परक्या गावाची वाटली नाही.

त्याच वर्षी ९ जानेवारीला, मध्यरात्रीनंतर, भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागली होती. १७ बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. त्या दहांपैकी तीन बाळे भाजून आणि सात धुराने गुदमरून दगावली, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आगीत माणूस मरतो तो बहुतेक वेळा ज्वाळेने नव्हे, धुराने. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला आधी गरगरते, मग दिशा कळेनाशी होते आणि दाराच्या चार पावले अलीकडेच तो कोसळतो.

अशा घटनांनंतर रुग्णालये, शाळा, मंगल कार्यालये आणि कारखान्यांच्या भिंतींवर लाल पेट्या दिसू लागतात. आत गुंडाळलेली नळी, पितळी तोटी, शेजारी चाकासारखी मूठ असलेला जाड व्हॉल्व्ह. यालाच हायड्रंट म्हणतात. पेटी बसली की आपण सुरक्षित झालो, असे वाटते. पण रात्री दोन वाजता धूर दिसला, तर ती पेटी उघडणार कोण? पाळीवरची सिस्टर, वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी, नाहीतर रुग्णाचा एखादा नातेवाईक. यांतल्या किती जणांनी ते चाक आयुष्यात एकदा तरी फिरवून पाहिले आहे?

हा प्रश्न आगीइतकाच आरोग्याचाही आहे. कारण हायड्रंट हा घरातल्या नळाचा मोठा भाऊ नव्हे. चुकीच्या हातात तो माणसाला जखमी करतो.

नळीतला जोर

मोटारसायकलच्या चाकात साधारण दोन बार दाबाची हवा असते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार इमारतीतील सर्वांत दूरच्या हायड्रंटलाही साडेतीन बार दाब मिळायला हवा. पंपाजवळच्या, खालच्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हवर तो सात बारपर्यंत असू शकतो. साडेतीन बारला २० मिलिमीटरच्या तोटीतून पाणी ताशी सुमारे ९५ किलोमीटर वेगाने बाहेर पडते, मिनिटाला जवळजवळ ५०० लिटर. पाणी पुढे जाते तसा तोटीला मागे धक्का बसतो. तो धक्का सुमारे २२ किलोच्या जोराचा असतो. सात बारला ४४ किलोचा. हा जोर एका झटक्याचा नसतो, पाणी सुरू असेपर्यंत तो सतत हातांवर येत राहतो. शिवाय १५ मीटरची भरलेली नळी स्वतःच ४५ किलोहून जड होते.

म्हणूनच मोठी नळी एकट्याने धरायची नसते. हात सुटला तर जड धातूची तोटी सापासारखी फणा काढून उसळते. डोके फुटणे, दात पडणे, मनगट मोडणे, डोळ्याला इजा होणे हे सगळे त्या एका क्षणात घडू शकते. सुटलेली नळी पकडायला कोणीही धावू नये. तिच्यापासून दूर व्हावे आणि व्हॉल्व्हजवळच्या माणसाने चाक बंद करावे. नळी शांत करण्याचा तोच एक खात्रीचा उपाय आहे.

व्हॉल्व्हच्या तोंडावरचे झाकणही साधे समजू नये. व्हॉल्व्ह थोडा गळत असेल तर झाकणामागे दाब साठतो. सात बारला ६३ मिलिमीटरच्या झाकणावर सुमारे २२० किलोचा जोर असतो. झाकण काढताना त्याच्या समोर तोंड आणून वाकणे म्हणजे तोफेत डोकावणे. नेहमी बाजूला उभे राहावे. आधी चाक पूर्ण बंद असल्याची खात्री करावी आणि झाकण हळूहळू सैल करावे.

क्रम चुकला की घात

आग दिसताच पहिले काम पाण्याचे नाही. मोठ्याने ओरडून सर्वांना सावध करावे, १०१ किंवा ११२ क्रमांकावर फोन लावावा, जवळच्या रुग्णांना बाहेर काढावे आणि बाहेर पडताना दार ओढून घ्यावे. बंद दार धुराला काही मोलाची मिनिटे अडवते. भंडाऱ्याची सात बाळे आठवली की या मिनिटांची किंमत कळते.

दुसरे काम विजेचे. रुग्णालयातील आगी बऱ्याचदा विजेच्या उपकरणांतून लागतात, आणि वीज चालू असलेल्या यंत्रावर पाण्याची धार मारली तर धार धरणाऱ्यालाच धक्का बसू शकतो. त्या कक्षाचा वीजपुरवठा बंद झाल्याशिवाय पाणी सोडू नये. मात्र इथे एक सापळा आहे. घाईत साऱ्या इमारतीचा मेन स्विच पाडला आणि आग विझवण्याचा पंप त्याच जोडणीवर असला, तर पंपही थांबतो. पंपाची वीजजोडणी वेगळी असावी आणि जोडीला डिझेल पंप असावा, हा नियम याचसाठी आहे. कोणते बटण कक्षाचे आणि कोणते पंपाचे, हे फलकावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले हवे.

तिसरे काम ऑक्सिजनचे. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. कक्षाचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे आधीच ठरलेले असावे. त्याआधी ऑक्सिजनवरील रुग्णांसाठी सुटे सिलिंडर किंवा हाताने दाबायची पिशवी तयार हवी, नाहीतर आगीपासून वाचवलेला रुग्ण श्वासाअभावी जाईल.

एवढे झाल्यावर, किंवा पुरेशी माणसे असतील तर एकाच वेळी, हायड्रंट. त्याचा क्रम तीन शब्दांत मावतो : नळी, तोटी, पाणी.

पेटीतील नळी आधी पूर्ण उलगडावी. पीळ किंवा घडी राहिली तर पाणी अडते आणि दाब आला की नळी झटका देते. नळीचे एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडात 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावे आणि ओढून पाहावे. दुसऱ्या टोकाला तोटी बसवावी. तोटीवाल्याने एक पाय पुढे ठेवून, नळी काखेत दाबून, दोन्ही हातांनी तोटी धरावी. दुसऱ्याने त्याच्या मागे उभे राहून नळीचे वजन पेलावे. तिसरा व्हॉल्व्हपाशी. तोटीवाला तयार झाल्यावर त्याने 'पाणी सोडा' असे ओरडून सांगावे, आणि त्यानंतरच चाकाला हात लावावा.

चाक डावीकडे, सावकाश फिरवावे. आधी थोडेसे. नळीतली हवा निघून जाऊ द्यावी, नळी फुगू द्यावी, मग पूर्ण उघडावे. बंद करतानाही तीच सबुरी हवी. धावते पाणी एकदम अडवले तर पाइपात दाबाची लाट उसळते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना निकोलाय झुकोव्स्की या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात तिचे गणित मांडले. १०० मिलिमीटरच्या लोखंडी पाइपातून मिनिटाला ५०० लिटर पाणी जात असताना ते क्षणात थांबवले, तर आधीच्या दाबात सुमारे बारा बारची भर पडू शकते. जुना सांधा एवढा झटका सोसत नाही.

धार ज्वाळेच्या शेंड्यावर नव्हे, बुडाशी मारावी. वाकून राहावे, कारण धूर वर असतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली. बाहेरचे दार कायम पाठीमागे ठेवावे. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,७०० पटींनी फुगते. लहान, बंद खोलीत अंदाधुंद पाणी मारले तर ती वाफच मारणाऱ्याला भाजते. पेटलेल्या तेलावर तर धार मारूच नये, तेल उडून आग पसरते.

माणूस एकटाच असेल, किंवा कोणाचेही प्रशिक्षण झालेले नसेल, तर मोठ्या नळीच्या वाटेला जाऊ नये. अनेक इमारतींत हायड्रंटशेजारी चक्रीवर गुंडाळलेली बोटाएवढी रबरी नळी असते. ती एकट्याला पेलते. सुरुवातीच्या आगीला ती किंवा हातातला अग्निशामक सिलिंडर पुरतो. आग कमरेच्या वर गेली असेल, धूर छताला साचून खाली उतरू लागला असेल, तर दार लावून बाहेर पडणे हेच शहाणपण.

कोपरगावचे पाणी

कोपरगावात हायड्रंटचा विचार पाण्यापासून सुरू करावा लागतो. गोदावरी गावाला लागून वाहते, तरी नळाचे पाणी कालव्याच्या आवर्तनावर आणि साठवण तलावांवर अवलंबून. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडले आहे. रस्त्यावरचा हायड्रंट फिरवला आणि पाणी आले, अशी सोय अशा गावांत गृहीत धरता येत नाही. बंब येईल, पण पाच हजार लिटरचा बंब एका मोठ्या तोटीने दहा मिनिटांत रिकामा होतो. म्हणजे इमारतीच्या स्वतःच्या टाकीतले पाणी हाच खरा आधार.

आणि टंचाईत पहिला डोळा त्याच टाकीवर जातो. उन्हाळ्यात आवर्तन लांबले, वरची टाकी कोरडी पडली, रुग्णांच्या नातेवाइकांची ओरड सुरू झाली, की 'आगीचे पाणी तसेही पडूनच आहे' असा विचार कोणाच्याही मनात येतो. यात कोणी वाईट नसते. पण एकदा घेतलेले पाणी परत भरले जाईलच, याची शाश्वती नसते.

दुसरी बाजू आरोग्याची. न हलणारे, उघडे पाणी म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासाचे पाळणाघर. म्हणून काही जण ती टाकी रिकामीच ठेवतात. एका संकटाची भीती दुसऱ्या संकटाला दार उघडते.

यावर अभियंत्यांकडे सोपा तोडगा आहे. येणारे पाणी आधी आगीच्या टाकीत सोडायचे. ती भरली की वरून वाहणारे पाणी शेजारच्या रोजच्या वापराच्या टाकीत जाईल. अशाने आगीचा साठा कायम भरलेला राहतो, पाणी हलते राहते आणि रोजच्या वापराचा पंप त्या साठ्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. झाकण घट्ट, हवेच्या नळीला बारीक जाळी. हायड्रंटचे पाणी पिण्यासाठी मात्र वापरू नये. जुन्या पाइपात गंज आणि गाळ असतो.

तालुक्यात आणखी एक जागा हायड्रंटची : साखर कारखाने. कोळपेवाडी आणि सहजानंदनगरच्या परिसरात गळीत हंगामात बगॅसचे डोंगर उभे राहतात. तिथली आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. सरळ जोरदार धारेने पेटता भुसा उडतो, म्हणून फवाऱ्यासारखे पाणी मारावे. ढिगावर चढू नये; आत जळून पोकळी झालेली असते आणि माणूस आत खचतो.

जखमी झालाच तर

भाजलेल्या भागावर साधे, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, पण ते नळाचे. हायड्रंटची धार माणसावर कधीही मारू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. धुरात सापडलेला माणूस बोलता-चालता असला तरी आवाज बसणे, नाकातले केस जळालेले दिसणे, थुंकीत काजळी येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. श्वासनलिका पुढच्या काही तासांत सुजू शकते. त्याला घरी पाठवू नये. तोटीचा मार डोक्याला किंवा डोळ्याला लागला असेल, तर बाहेरून जखम छोटी दिसली तरी तपासणी हवीच.

महिन्यातून एकदा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. भाषणे होतात, हार घातले जातात. त्या दिवशी प्रत्येक रुग्णालयाने आणि शाळेने एवढेच करावे : पेटी उघडावी, नळी उलगडावी, पाणी सोडावे. नंतर दर महिन्याला, एकदा दिवसपाळीला, एकदा रातपाळीला. अग्निशमन दलाचा जाणता माणूस पहिल्या वेळी सोबत असावा. वापरलेली नळी वाळवूनच गुंडाळावी, ओली ठेवली तर ती कुजते. पेटीला कुलूप असेल तर किल्ली कुठे, हे सर्वांना ठाऊक हवे. सरावात वाहिलेले पाणी बादल्यांत, झाडांच्या आळ्यांत घेता येते, त्यामुळे टंचाईचे कारणही उरत नाही.

अशा सरावात पहिल्या वेळी हमखास हसू पिकते. नळी पायात अडकते, कोणीतरी भिजते, चाक गंजून बसलेले असते. हे सगळे सरावातच व्हायला हवे. गंजलेले चाक एप्रिलच्या सकाळी सापडले तर त्याला तेल घालता येते. रात्री दोन वाजता, धुरात, ते सापडून काही उपयोग नसतो.